ऑफिसचा फोन, आयपीव्ही६ आणि आपल्यासाठी असलेले काम

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काही काळापूर्वी मी फोनयंत्रणेच्या दुरुस्तीसाठी गेलो होतो. तक्रार अशी होती की मालक बाहेरगावी असताना मोबाइलवरील अ‍ॅपमधून कारखान्याच्या गेटवर फोन करत, तेव्हा त्यांना पहारेकऱ्याचे बोलणे स्पष्ट ऐकू येई, पण पहारेकऱ्याला मात्र त्यांचा एक शब्दही ऐकू येत नसे. आमच्या धंद्यात याला ‘वन-वे ऑडिओ’ म्हणतात आणि आयपी फोन, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावरून चालणारे फोन, बसवणाऱ्या प्रत्येकाने या दुखण्यावर रात्री जागवलेल्या असतात. लॅपटॉप जोडून कॉल सुरू होतानाचे संदेश पकडले, तेव्हा कारण एका ओळीत समोर आले. कारखान्यातील एक्सचेंज, म्हणजे आतले-बाहेरचे कॉल जोडणारे यंत्र, मालकांच्या मोबाइलला सांगत होते, ‘माझ्यासाठीचा आवाज १९२.१६८.१.४० या पत्त्यावर पाठवा.’

हा पत्ता कारखान्याच्या आतच चालतो. बाहेरच्या जगासाठी तो म्हणजे पोस्टमनला पेठेचे आणि वाड्याचे नाव न सांगता ‘मागच्या चौकातली तिसरी खोली’ एवढेच सांगण्यासारखे आहे. वेबसाइट पाहताना ही अडचण जाणवत नाही, कारण राउटर जाता-येता डेटाच्या पाकिटावरचा पत्ता बदलून देतो; पण फोन कॉल जुळवणारा एसआयपी हा प्रोटोकॉल पाकिटाच्या आतील मजकुरातही पत्ता लिहितो, आणि आतला मजकूर राउटर सहसा वाचत नाही. काही राउटर तो वाचून दुरुस्त करण्याचा प्रयत्न करतात आणि बरेचदा गोंधळ आणखी वाढवतात. म्हणूनच ती सोय आधी बंद करावी, हा आमच्यातील पहिला धडा असतो.

या सगळ्याचे मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्यांची जुनी पद्धत, हिचा पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. अनेक यंत्रांनी एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेण्याची पद्धत, म्हणजे नॅट, १९९४ मध्ये तात्पुरती मलमपट्टी म्हणून मांडली गेली आणि पुढे तीच सर्वत्र कायमची झाली. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. आपण ज्या आशिया-प्रशांत विभागात येतो, त्याचा मुक्त साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपला. तेव्हापासून पत्ता ही विकत घ्यायची वस्तू झाली आहे. २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टने नॉर्टेल या दिवाळखोर दूरसंचार कंपनीकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले होते, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी ताशी अर्धा सेंट, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर आकारते.

आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत; तिचा पत्ता १२८ बिटांचा आहे. त्याचा आराखडा १९९८ चा आहे आणि २०१७ मध्ये त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. टेबलावरच्या प्रत्येक फोनला, गेटवरच्या इंटरकॉमला आणि बैठकीच्या खोलीतील कॅमेऱ्याला स्वतःचा खरा पत्ता देता येतो, त्यामुळे ‘तिसरी खोली’ ही भानगडच उरत नाही.

मला जी संधी दिसते ती नेमकी एका सांध्यावर आहे. भारतातील मोबाइल जाळी, विशेषतः २०१६ मध्ये जिओ आल्यापासून, मोठ्या प्रमाणात आयपीव्ही६ वर गेली आहेत. अ‍ॅपलनेही १ जून २०१६ पासून अ‍ॅप केवळ आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावर चाललेच पाहिजे, अशी अट घातली आहे. म्हणजे कर्मचाऱ्याच्या खिशातला फोन नव्या पत्त्यावर आणि त्याच्या ऑफिसचे एक्सचेंज जुन्या पत्त्यावर, अशी स्थिती आहे. मध्ये भाषांतर करणारी यंत्रे बसतात, मार्ग खुला ठेवण्यासाठी अ‍ॅपला दर वीस-तीस सेकंदांनी निरोप पाठवत राहावे लागते, बॅटरी उतरते आणि आवाज अडखळतो. हा सांधा जुळवून देणारा माणूस छोट्या ऑफिसांना हवा आहे. तो केवळ टेलिफोनवाला असून भागत नाही आणि केवळ नेटवर्कवाला असूनही भागत नाही. दोन्ही कामे जाणणारी माणसे आपल्या औद्योगिक गावांत फार थोडी आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

पहिले विकता येण्याजोगे काम तपासणीचे आहे. कोणते फोन, कोणते एक्सचेंज, कोणता राउटर आयपीव्ही६ चालवू शकतो, याची यादी बहुतेक ग्राहकांकडे नसते. पेटीवर ‘आयपीव्ही६ रेडी’ छापलेले असले तरी पडताळून पाहावे लागते. मी असे फोन पाहिले आहेत, जे नवा पत्ता घेतात, पण आपली सेटिंग जुन्याच पत्त्यावरून उतरवतात. दूरसंचार विभागाच्या मार्च २०१३ च्या आराखड्यानुसार १ जानेवारी २०१४ नंतर दिलेली प्रत्येक नवी व्यावसायिक जोडणी आयपीव्ही६ वाहून नेण्यास सक्षम असायला हवी. त्यामुळे ग्राहकाकडची लाइन पुष्कळदा तयारच असते आणि राउटरच्या सेटिंगमध्ये एक खूण बंद असल्याने ती पडून असते. हे शोधून काढण्याचे, लिहून देण्याचे आणि एकेक कॉल करून तपासण्याचे पैसे मागायला संकोच करू नये.

दुसरे काम फायरवॉलचे, म्हणजे जाळ्यात काय येऊ-जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या पहाऱ्याचे, आणि इथे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो की घाई करू नका. नॅटमुळे आतील फोन बाहेरून दिसत नसत आणि अनेकांनी त्यालाच सुरक्षितता मानले. आयपीव्ही६ सुरू करून बाहेरून येणारी वाहतूक नियमाने अडवली नाही, तर फोनचे सेटिंगचे पान साऱ्या जगाला उघडे पडते आणि कोणीतरी रातोरात परदेशी कॉल करून ग्राहकाचे बिल फुगवू शकतो. आधी सगळे बंद, मग हवे तेवढेच उघडे, हा क्रम पाळावा. फायरवॉललाही जुळलेला मार्ग काही वेळाने विसरण्याची सवय असते, त्यामुळे मघाशी सांगितलेले निरोप पूर्णपणे थांबतील, असे ग्राहकाला आश्वासन देऊ नये.

लाइनच्या क्षमतेचा हिशेबही बदलतो. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक पाकिटावरचा पत्त्याचा मजकूर, म्हणजे हेडर, ४० बाइटांचा, जुन्याच्या दुप्पट असतो. सेकंदाला ५० पाकिटे धरली तर जी.७११ या आवाजाच्या नेहमीच्या स्वरूपातील एक कॉल एका दिशेने ८० ऐवजी ८८ किलोबिट घेतो. एकाच वेळी ३० कॉल असतील तर २४० किलोबिट जास्त. फायबरवर हे नगण्य आहे, पण दूरच्या शाखेच्या बारीक लाइनवर ते आधीच सांगितलेले बरे.

कायदा पत्त्याने बदलत नाही. इंटरनेटवरचे कॉल विनापरवाना सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात सोडणे पूर्वीही गुन्हा होता आणि आजही आहे. बाहेरच्या नंबरांसाठी परवानाधारक कंपनीचीच एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी फोनलाइन, घ्यावी लागते. अ‍ॅनालॉग ईपीबीएक्सवर, म्हणजे ऑफिसच्या जुन्या तारेच्या एक्सचेंजवर, दहा एक्सटेन्शन सुखाने चालवणाऱ्या दुकानदाराला उगाच भीती घालून नवे यंत्र विकू नये, असेही माझे स्पष्ट मत आहे.

अंबडच्या त्या कारखान्यात पूर्वी कोणीतरी सुचवलेला उपाय स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घेण्याचा होता, आणि त्याचे पैसे दरवर्षी जात होते. आम्ही राउटरमधली आयपीव्ही६ ची खूण चालू केली, फायरवॉलचे चार नियम लिहिले आणि एक्सचेंजला वेबसाइटसारखे नाव दिले, कारण एवढा लांब पत्ता फोनच्या बटणांवर हाताने टंकणे शक्य नाही आणि लाइन पुन्हा सुरू झाल्यावर पत्त्याचा पुढचा भाग बदलूही शकतो. आयपीव्ही४ चा जुना मार्गही शेजारी तसाच ठेवला, कारण मालक कधी हॉटेलच्या वायफायवर असतात आणि तिथे आयपीव्ही६ मिळेलच असे नाही. मग मालक गेटबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि मोबाइलवरून त्यांनी फोन लावला. पहारेकऱ्याने रिसीव्हर कानाला लावला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘हां साहेब, आता येतोय आवाज.’