तांबूचं गुरगुरणं आणि मटणाचं हाड

आमची तांबू आली तेव्हा साधारण दोन वर्षांची होती. गावठी, तांबूस रंगाची, एका कानाला जुन्या चाव्याची खूण. जखमी कुत्री सांभाळणाऱ्या एका ताईंकडून तिला दत्तक घेतलं. पिल्लू सोडून एवढी मोठी कुत्री कशाला, असं कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत झाडून सगळ्यांनी विचारलं. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळतो म्हणून. ताईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "लळा लावती, पण जेवताना जवळ कुणाला येऊ देत नाही."

डॉक्टरांकडचं काम लगेच उरकलं. आधीच्या लसींचा कागद नव्हता, म्हणून रेबीजची आणि इतर रोगांची एकत्रित लस नव्यानं सुरू केली. जंताचं औषध दिलं, गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी रक्त तपासलं. फिरायला नेताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना दोरी, कारण घाबरलेलं कुत्रं मागं सरकत पट्ट्यातून डोकं सहज सोडवून घेतं. रंकाळ्यावर आम्ही पहाटेच जायचो, गर्दी व्हायच्या आत.

खरी कसरत जेवणाची होती. कोल्हापुरात घरात मटण शिजलं की हाडं कुत्र्याला, हा ठरलेला हिशेब. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे पडतात. ते घशात अडकतात, नाहीतर आतडं फाडतात. रस्सा-भातही बंद केला, कारण आमच्या चटणीत कांदा-लसूण. कच्चा असो, शिजलेला असो की वाळवून कुटलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या गावाकडची कुत्री काय मेली न्हाईत." मग डॉक्टरांनीच सांगितलं, तेव्हा लगेच पटलं. (सुनेनं तेच आठवडाभर सांगितलं होतं, पण असो.) तांबूला तेव्हापासून बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि भात.

एका रविवारी शेजारच्यांनी आमच्या परड्यात हाड टाकलं. तांबू ते पायाखाली धरून बसली. माझा सहा वर्षांचा मुलगा जवळून निघाला तशी ती अंग ताठ करून गुरगुरली. मी त्याला हाक मारून सोप्यात बोलावलं. चिकनचे तुकडे लांबवर टाकले आणि ती तिकडं गेल्यावर हाड उचललं. शेजारचे काका भिंतीवरून बघत होते. "वैनी, एक फटका टाका, न्हाईतर डोक्यावर बसंल."

फटका टाकला नाही. कुत्रं गुरगुरून 'लांब राहा' एवढंच सांगत असतं. मारलं की आवाज बंद होतो, भीती तशीच आत राहते, आणि पुढच्या वेळी ते न सांगता चावतं. घरात लहान मूल असताना मला गुरगुरणारी कुत्री चालेल, मुकी चालणार नाही.

तिचं ताट परड्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि दाराला आडवी फळी लावली. ती निवांत खात राहील एवढ्या अंतरावरून मी जायचे, चिकनचा तुकडा ताटाकडं टाकायचे आणि न थांबता पुढं निघायचे. माझी चाहूल लागताच ती मान वर करून शेपटी हलवायला लागली, तेव्हा एक पाऊल जवळ. खाता खाता गोठली किंवा घाईनं गिळायला लागली की दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबून. भरलं ताट कधीच ओढून घेतलं नाही. हक्क दाखवायला म्हणून लोक ते करतात आणि कुत्र्याचा संशय खरा ठरवतात.

'सोड' शिकवलं ते जुन्या फडक्यावर. नाकाशी तुकडा धरायचा, तिनं फडकं सोडलं की तुकडा द्यायचा आणि वर फडकंही परत. सोडलं तरी आपलं जात नाही, हे तिला पटल्यावर मग चेंडू, चप्पल.

मुलाला नियम एकच: ती जेवत किंवा झोपलेली असेल तर हाक नाही, हात नाही. दोघांना एकटं अजूनही सोडत नाही. फ्रिजवर कागद चिकटवलाय: चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं आणि थेट सीपीआर हा सरकारी दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. अजून तशी वेळ आलेली नाही.

आता ती जेवत असताना मी आणि नवरा ताटात वाढू शकतो. मुलानं ते करायची गरज नाही, असं डॉक्टरांचं मत, आणि माझंही. मटणाच्या दिवशी हाडं झाकणाच्या बादलीत, तिथून घंटागाडीत. हाड नाही तर काय देऊ, असं काकांनी विचारलं तेव्हा मी उकडलेलं गाजर सुचवलं. तांबूनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. काका अजून माझ्यावर नाराज आहेत.