शुगर उतरली, तरी डोकं दुखतच राहिलं

माझी मुलगी आठवीत होती. तिला टाइप 1 मधुमेह आहे हे आम्हाला कळलं ते थेट आयसीयूच्या दारात. एप्रिलचं ऊन, त्यात सारखी तहान लागते याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. मग उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भरभर चालू लागला. सोलापूरला नेलं तेव्हा शुगर 540 आणि रक्ताचा पीएच 7.02 होता. डायबेटिक कीटोॲसिडोसिस, म्हणजेच डीकेए. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

या उपचाराची पद्धत ठरलेली आहे आणि ती नीट पार पडली. सलाइन बेताबेतानं, इन्सुलिन पंपातून, दर तासाला शुगर, पोटॅशियमवर सतत लक्ष. शुगर उतरली, पीएच सुधारला, पोरगी वरणभात मागू लागली.

डोकं मात्र दुखतच राहिलं. आडवं झालं की जास्तच. डीकेएमध्ये मुलांच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून सिस्टर तिला सारखं नाव विचारत, डोळ्यांत बॅटरी मारून बघत. सीटी स्कॅनही झाला. तो नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आई, तुझ्या शेजारी अजून एक तू दिसतेस." राउंडला आलेल्या रेसिडेंट मॅडमनी तिच्यासमोर बोट धरलं आणि हळूहळू उजवीकडे नेलं. डावा डोळा बोटामागे गेला. उजवा मधोमध आला आणि तिथेच थांबला, कानाकडे वळेचना. मॅडमनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. दुपारी एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूतल्या शिरा दाखवणारा एमआर स्कॅन झाला. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होती: सेरेब्रल व्हीनस सायनस थ्रॉम्बोसिस. साध्या सीटीत ती दरवेळी दिसतेच असं नाही. सीटी नॉर्मल आहे म्हणून मॅडमनी विषय सोडला नाही, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

शुगरच्या आजारात गुठळी कुठून आली, हे मला समजेना. न्यूरोलॉजिस्टनी केसपेपरच्या मागेच चित्र काढून सांगितलं. लघवी आणि उलट्यांवाटे पाणी गेल्यानं रक्त दाट होतं, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, आणि गुठळी होऊ न देणारी शरीरातली प्रथिनं या काळात कमी पडतात. मांडीच्या शिरेत मोठी लाइन, म्हणजे सलाइन-औषधांची नळी, घातली असेल तर तिथेही गुठळी होऊ शकते. म्हणूनच पाय अचानक सुजला, एखादं बोट गार पडलं किंवा डोकेदुखी हटेना, तर लगेच सांगा, असं ते म्हणाले. हे प्रकार क्वचितच होतात, पण डीकेए झालेल्या मुलाच्या आईवडिलांना ते माहीत असायलाच हवेत असं माझं मत आहे.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन म्हटल्यावर हे घाबरले. मेंदूत रक्तस्राव झाला तर? डॉक्टर म्हणाले, गुठळी वाढत गेली तर शिरेतला दाब वाढून रक्तस्रावाची भीती जास्त. मग आम्ही होकार दिला. वजनाप्रमाणे एनोक्झापॅरिन, दर बारा तासांनी, पोटाच्या कातडीची चिमूट धरून. टोचल्यावर चोळायचं नाही, हे सिस्टरनी माझ्याकडून वदवून घेतलं. इन्सुलिन मांडीला आणि हे पोटाला, अशी वाटणी पोरीनंच केली. पोटावर निळे डाग पडायचे; ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती फ्रॉक सोडून सैल कुर्ते घालू लागली.

दोन दोन दिसणं काही आठवड्यांत गेलं. तीन महिन्यांनी पुन्हा एमआर केला, तेव्हा शीर मोकळी झाली होती आणि इंजेक्शन बंद झालं. गुठळी होऊ न देणाऱ्या त्या प्रथिनांच्या, म्हणजे प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन यांच्या तपासण्या त्यानंतर केल्या, कारण आजारपणात आणि औषध चालू असताना त्यांचे आकडे फसवे येतात. सगळ्या नॉर्मल आल्या. म्हणजे गुठळीचा जन्मजात दोष सापडला नाही. डीकेए आणि त्यात सुकलेलं शरीर हेच कारण फाइलवर लिहिलं गेलं. आता साधा ताप आला तरी आम्ही लघवीतले कीटोन तपासतो, आणि ती जेवली नाही तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन चुकवत नाही.