व्हिटबीत आहे तरी काय?

भारतातून पाहुणे आले की त्यांच्या यादीत लंडन असतं, एडिंबरा असतं. मधे मी व्हिटबी घुसवते. मग प्रश्न ठरलेला: "तिथे आहे तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एस्क नदी समुद्राला मिळते, तिथलं हे जुनं बंदर. मिडल्सबरोहून गाडी रमतगमत दीडेक तासात पोचवते. पूर्वेच्या कड्यावर पडका मठ आणि तिकडे जायला १९९ पायऱ्या. (जेजुरी चढलेल्या आमच्या मावशींना त्या किरकोळ वाटल्या.) १७४६ साली दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक इथे जहाजावरचं काम शिकायला आला, आणि पुढे ज्या 'एन्डेव्हर'वरून त्याने जग पालथं घातलं, ते मुळात इथेच बांधलेलं कोळशाचं जहाज. १८९० मध्ये 'ड्रॅक्युला' कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर मुक्कामाला होता, तेव्हापासून ड्रॅक्युला काही गावाची मानगूट सोडत नाही. दुकानादुकानांत तोच. मला त्याचा कंटाळा येतो.

मी जाते ती 'रोहिला'साठी. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा दचकलेच. आपल्याला रोहिला म्हटलं की पानिपत आणि नजीबखानच आठवणार! हे मात्र जहाज, हिंदुस्थानच्या फेऱ्या करणाऱ्या 'ब्रिटिश इंडिया' या जहाज कंपनीचं. महायुद्धात त्याचं इस्पितळ केलं. जखमींना आणायला फ्रान्समधल्या डंकर्ककडे निघालेलं हे जहाज ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे, वादळात, व्हिटबीजवळच्या खडकावर चढलं. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे विझवलेले. जहाजावर सव्वादोनशेच्या वर माणसं, आणि किनारा इतका जवळ की लोक कड्यावर उभे राहून बघत होते.

गावकऱ्यांनी वल्ह्यांची जीवरक्षक होडी भिंतीवरून उचलून खडकांतून ओढत नेली. दोन खेपांत पस्तीस जणांना काढलं, मग होडीच फुटली. अखेर टाइनमाउथहून इंजिनाची होडी रात्रभर समुद्र कापत आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पन्नास जण उतरवले. ऐंशीहून अधिक माणसं गेली.

इंजिनाचं महत्त्व त्यानंतर कोणाला पटवावं लागलं नाही. तरी व्हिटबीकरांनी वल्ह्यांची एक होडी जोडीला ठेवलीच, थेट १९५७ पर्यंत. ती बंदराजवळच्या छोट्या संग्रहालयात आहे. मावशींना पायऱ्यांचं काही वाटलं नव्हतं. त्या होडीपाशी मात्र त्या बराच वेळ वल्ही मोजत उभ्या होत्या.