फरशीवरची पिवळी पट्टी

आज हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) बसलो होतो. फरशीवर अर्धवट निघालेली पिवळी पट्टी दिसली. सिस्टरना विचारलं.

"२०२० ची आहे, कोरोनाच्या वेळची. ताप-खोकल्याचे पेशंट या बाजूने, हार्ट अटॅक, अपघात त्या बाजूने. दारातच बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली आला की थांबायचं नाही, ऑक्सिजन लावायचा."

मग सलाईन लावता लावता म्हणाल्या, "पीपीई किटमध्ये सगळे सारखेच दिसायचो, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचो. एका आजोबांनी धापा टाकत ते वाचलं आणि नावाने हाक मारून विचारलं, बाळ, तू जेवलीस का?"

पुढे काही बोलल्या नाहीत. मलाही विचारवेना.

बाहेर तंबू ठोकून तपासणी, एका रात्रीत वेगळी केलेली दारं, हे आपण बातम्यांत पाहिलं. ती दारं राखत उभी असलेली माणसं मात्र आपण किती लवकर विसरलो!

ती पट्टी कुणी मुद्दामच ठेवली असेल का?