गावभागातला आमचा छापखाना

वडिलांनी सांगलीच्या गावभागात ट्रेडल म्हणजे ठसे दाबून छापणारं लोखंडी मशीन बसवलं, तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून काम व्हायचं. पुढे प्लेटवरून छापणारं ऑफसेट मशीन आलं, खिळे गेले, पण ट्रेडल आम्ही जागचं हलवलं नाही. बिलबुकांवर ओळीनं नंबर टाकायचं नंबरिंग आणि पान फाडायला भोकांची ओळ पाडायचं परफोरेशन त्याच्यावरच चालायचं. मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात जी हिशेबाची पट्टी पडते, तिच्या तळाला आमच्या छापखान्याचं नाव असायचं. मधली वर्षं बरी गेली.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा चढायला लागली. भिंतीवर 2005 च्या पाण्याची खूण होती, तिच्या वर आम्ही कागदाची सगळी रिमं चढवली. साऱ्या गल्लीनं तोच हिशेब केला होता. पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं आणि ती खूण पार बुडाली.

पूर ओसरल्यावर शटर उचलता उचलेना. आत रिमं फुगून रॅकचे अँगल वाकले होते. मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदाचा लगदा झाला होता आणि आर्ट पेपर एकमेकांना चिकटून विटेसारखा झाला होता. ऑफसेटच्या रोलरांत गाळ, पॅनेलमध्येही गाळ. ट्रेडल मात्र ओतीव लोखंडाचं. डिझेलनं पुसलं, ऑइल सोडलं, मोटर रिवाइंड करून आणली आणि ते फिरलं. नंबर उमटवणारा नंबरिंग बॉक्स उघडून त्यातलं आकड्यांचं एकेक चाक ब्रशनं साफ केलं. शून्याचं चाक अडकत होतं, त्यावर पूर्ण संध्याकाळ गेली.

आमच्या दारात अजून पाणी होतं तेव्हाच एकानं आमच्या गिऱ्हाइकांना फोन लावले. वडिलांच्या हाताखाली काम शिकलेला माणूस. "त्यांचा छापखाना संपला, आता माझ्याकडे द्या," असं सांगत फिरला, दरही पाडून दिला. शाळेच्या उत्तरपत्रिका गेल्या, दोन पतसंस्थांची पासबुकं गेली. दरात स्पर्धा करावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणूस चिखल उपसत असताना त्याचं गिऱ्हाईक न्यायचं, हे मी आजही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्याच दिवसांत यार्डातले आमचे जुने अडते चपला हातात घेऊन चिखलातून आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. म्हणाले, "पट्टी तूच छापायचीस. कुठं छापतोस ते मी विचारणार नाही. नंबर तेवढा तुटू देऊ नको." आणि वर्षभराच्या बुकांचे पैसे हातात ठेवून गेले.

'कुठं छापतोस' हा शब्द माझ्या मुलीनं बरोबर पकडला. ती म्हणाली, "बाबा, ऑफसेट सोडून द्या. छपाई कुपवाडला एमआयडीसीत देऊ. नंबरिंग, परफोरेशन, बाइंडिंग आपल्याकडे ठेवू." मला ते सहन होईना. ज्या मशीनवर अर्धा जन्म गेला ते वजनावर विकायचं? भंगारवाला आला त्या दिवशी मी मिरजेला निघून गेलो. व्यवहार तिनंच केला, आणि चांगला केला.

सुरुवातीला प्रत्येक कामाला मी कुपवाडला जाऊन मशीनशेजारी उभा राहायचो. हिरवी शाई जरा फिकी वाटली की हात शिवशिवायचे. शेवटी तिथला मालकच म्हणाला, "दादा, शाई मी बघतो. तुम्ही घरी जेवायला जा." तेव्हापासून जात नाही. छापून आलेला कागद अजूनही उजेडात धरून बघतो, पण त्याच्या कामात बोट घालत नाही. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, तेव्हा नव्या मशीनचा हप्ता डोक्यावर नव्हता हे मुलीचे उपकार.

या धंद्यातल्या नव्या पोरांना सांगतो, प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घ्या. नंबर कुठून कुठपर्यंत ते लेखी घ्या. नंबरिंग बॉक्स काम झाल्या झाल्या रॉकेलमध्ये धुवा, शाई वाळू देऊ नका. आणि बाहेर काम दिलंत तर त्या माणसाचे पैसे आधी भागवा, गिऱ्हाइकाकडून यायची वाट बघू नका.

ट्रेडल आता विश्रामबागला हलवलंय. हिशेब आणि दर मुलगी ठरवते. गेलेल्या दोन पतसंस्थांपैकी एक परत आली. पासबुकातले नंबर दुबार पडले होते म्हणे. मुलीनं त्यांना आमचा नेहमीचाच दर लावला, एक पैसा कमी केला नाही.