दंडातली बेटकुळी

आठवीत असताना, १९८६ च्या पावसाळ्यात, मी मल्लखांबावरून पडलो. खांबाला एरंडेल जरा जास्तच लागलं होतं, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे सर खालून ‘मांड्या आवळ, मांड्या आवळ’ म्हणून ओरडत होते आणि मी उलटा लटकून वर्गातलं कोण कोण बघतंय ते मोजत होतो. अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड, सुटली. उजव्या हाताचं हाड मनगटाच्या वर मोडलं आणि थेट दंडापर्यंत प्लास्टर चढलं.

सहा आठवड्यांनी ते कापलं, तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटेना. काडीसारखा बारीक. दंडातली बेटकुळी गायब! वर्गात बेटकुळी दाखवण्याच्या स्पर्धेत माझा तिसरा नंबर असायचा, त्यामुळे हे दुःख हाड मोडल्यापेक्षा मोठं होतं.

विज्ञानाच्या बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं. वाटलं, आता सहानुभूती मिळणार. बाईंनी माझे दोन्ही दंड वर्गाला शेजारी-शेजारी दाखवले आणि म्हणाल्या, “ह्याचे तंतू मेलेले नाहीत, वापर नाही म्हणून बारीक झालेत. काम द्या, पुन्हा भरतील.” मग टेबलाखालून त्यांनी दोन लाकडी पट्ट्या काढल्या. बिजागरीनं जोडलेल्या, पुढून एक सुतळी, मागून एक. बिजागरी म्हणजे कोपर. पुढची सुतळी ओढली की हात वाकतो, मागची ओढली की सरळ होतो.

“आता सुतळीनं ढकलून दाखव.”

मी ढकललं. सुतळी गोळा झाली, वर्ग हसला. स्नायूला फक्त ओढता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग आम्ही बाक ढकलतो ते कसं?” बाई म्हणाल्या, “दंडाच्या मागचा स्नायू कोपर सरळ ओढतो. बाक बिचारा मध्ये येतो.”

एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती. सुतळी बिजागरीच्या अगदी जवळ बांधलेली होती. पट्टीच्या टोकाला बांधली असती तर किती कमी जोर लागला असता! पुढे फिजिओथेरपी शिकायला गेल्यावर हिशेब जुळला. बेटकुळीचा स्नायुरज्जू कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि तळहात ३५ सेंटिमीटरच्या आसपास दूर. हातात ५ किलोची पिशवी धरली की स्नायूला त्याच्या सात-आठ पट ओढावं लागतं. बदल्यात तो १ सेंटिमीटर आखडला की तळहात सात-आठ सेंटिमीटर फिरतो. जोर गमावून चपळाई कमावलेली.

स्नायू आखडतो म्हणजे काय होतं, हे बाईंनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवलं होतं. बोटं तेवढीच राहतात, पंजे जवळ येतात. प्रत्येक तंतूत असे साधारण दोन मायक्रॉन (मिलिमीटरचे दोन हजारांश) लांबीचे हजारो कप्पे ओळीनं असतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपण हातावर हात टाकतो, तशी मायोसिन या प्रथिनाची टोकं अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. १९५४ साली संशोधकांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात हे मांडलं. दोन्हींत एकेक हक्सले होता, पण त्यांचं एकमेकांशी नातं नव्हतं. परीक्षेत मी दोघांना एकच समजून गुण घालवले. धरलेलं सोडायलाही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मेल्यावर ते संपतं, टोकं धरलेलीच राहतात, म्हणून प्रेत ताठरतं.

आता शाळेची ही स्मरणिका एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं हलवा. हालचाल कोपराखाली जाणवेल. बोटांत स्नायू नाहीतच. मूठ वळवणारे मुख्य स्नायू तिथं वर बसून लांब रज्जूंनी बोटं ओढतात. माझा हात सुधारायला सरांनी रोज ओलं फडकं पिळायला लावलं, त्यामागचं कारण हेच. मला मात्र ते सजा वाटायचं.

गेल्या महिन्यात शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीला आलो तेव्हा मागच्या पटांगणात मल्लखांब दिसला आणि राहवलं नाही. या वेळी मांड्या आवळल्या. अढी चार सेकंद टिकली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की विचारू नका. लॅक्टिक आम्ल साचतं असं लोक म्हणतात, पण ते तासा-दोन तासांतच निघून जातं. दुखतात ते सवय नसताना ताणले गेलेले तंतू. हे सगळं पेशंटांना रोज समजावतो. त्या दिवशी मात्र दवाखान्याचा जिना कठड्याला धरून उलटा उतरलो.