गोल शिक्का येईपर्यंत चांदी काळी पडली

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय मला घरच्या कोठीत सापडला. पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक चोळतात. ते लेसरच्या उजेडात ओळखायचं, हा माझा विषय. त्याच्या रेणूत गंधक असतं, आणि गंधक दिसलं की चांदी त्याला सोडत नाही. मधला गंधक-गंधक बंध तुटतो आणि दोन्ही तुकडे चांदीला चिकटतात. अशा चांदीच्या बारीक कणांवर लेसर टाकला की त्यांच्यातले मोकळे इलेक्ट्रॉन झुलू लागतात, कणांमधल्या फटीत प्रकाशाचा जोर एकवटतो आणि तिथल्या रेणूचा रामन सिग्नल, म्हणजे रेणूवर आदळून रंग बदलून परतणारा प्रकाश, लाखो पटींनी वाढतो. त्या बदलावरूनच रेणू ओळखतात. एरवी कोटीभर फोटॉनांत एखादाच रंग बदलून परततो, म्हणून हा सगळा उपद्व्याप. १९७४ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांना खरबरीत चांदीवरच्या पिरिडीन या रसायनाचा असा जोरदार सिग्नल मिळाला होता. त्यांना गोल शिक्का लागला नसावा.

तर फॉर्म. काचपट्टीवर चांदीच्या कणांचा थर, वर थायरम, अशा सहा पट्ट्या करून मी रामन मोजणीसाठी शहरातल्या एका उपकरण केंद्राकडे अर्ज पाठवला. ‘नमुना विषारी आहे का?’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिलं. अर्ज परत. सुरक्षा पत्रक जोडा. जोडलं. पुन्हा परत: विभागप्रमुखांचा शिक्का चौकोनी आहे, गोल हवा. आमच्या विभागाला गोल शिक्काच नाही, तो प्राचार्यांच्या कपाटात, आणि प्राचार्य परीक्षेच्या कामाला अमरावतीला. चार दिवस मी त्या कपाटासमोर बसले. शिपाईमामा म्हणाले, ‘‘पोरी, उद्या ये वं, सायेब येतीन.’’ असे तीन उद्या गेले. तिसऱ्यांदा परत आला तो ‘नमुना घन की द्रव’ यावर. काचेवरचा एवढासा थर, काय लिहायचं? फोन केला तर पलीकडून, ‘‘मॅडम, एकावरच टिक करा ना.’’ नमुना किती दिवस टिकेल, हे मात्र फॉर्मवर कुठेच विचारलेलं नाही.

तेवीस दिवस गेले. डब्यातल्या पट्ट्या आजीच्या जुन्या तोरड्यांसारख्या काळपट झाल्या. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळवंडते हे मी पेपरात लिहून मार्क घेतले होते, पण डबा मात्र खिडकीत, उजेडात ठेवला होता.

तरी गेले. पहाटेची एसटी, दोन तास बाहेरच्या बाकावर, मग दहा मिनिटं यंत्रासमोर. ऑपरेटर दादांनी हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेसर पूर्ण ताकदीनं लावला. आलेखावर (आकडे प्रकाशाचा रंग किती सरकला त्याचे, प्रति सेंटिमीटरमध्ये) आले ते १३५० आणि १५८० च्या आसपास दोन जाडजूड उंचवटे. ‘‘काय आहे हे?’’ ‘‘कार्बन, मॅडम. जळलं.’’ ज्या उजेडानं रेणू दाखवायचा, त्यानंच तो भाजला. फी मात्र पूर्ण. घरी बाबा म्हणाले, ‘‘जळालं म्हन्ते? एवढ्याच्यात तं बियाण्याची एक बॅग आली असती.’’

दुसऱ्या खेपेला पट्ट्या नेल्याच नाहीत. चांदीचं द्रावण तपकिरी बाटलीत, वरून फॉइल गुंडाळून नेलं आणि थायरम तिथेच, लेसरच्या दहा मिनिटं आधी मिसळलं. दादांना आधीच सांगितलं: ताकद सगळ्यात कमी, वेळ थोडा, दर मोजणीला नवी जागा. १३८० जवळ थायरमची उभी सुळक्यासारखी रेघ आली तेव्हा दादाही खुर्चीत सरळ बसले. आधी नुसत्या चांदीचीही मोजणी करून घ्या, म्हणजे रेघ थायरमचीच हे दाखवता येतं. माझ्या सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

द्रावण करताना पाणी सांभाळा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. आमचा खारपाणपट्टा. पहिल्या दिवशी मी कॉलेजच्या बोअरचं पाणी उकळून त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर भांड्यात ताक झालं: क्षारांतल्या क्लोराइडनं चांदी खाली बसवली. तो पांढरा साकाही उजेडात दुपारपर्यंत जांभळट पडला. डिस्टिल्ड पाणी घ्या, मग थेंब थेंब सायट्रेट सोडून तासभर उकळा. आणि दुकानातलं गुलाबी रंगाचं बियाणं घेऊ नका, लेसरखाली त्या रंगाचाच उजेड सगळं झाकून टाकतो. मी घरचं साधं बियाणं घेऊन कोठीतल्या पुडीतलं थायरम हातमोजे घालून चोळलं.

पहिल्या खेपेची पावती अजून आलेली नाही. त्यावर गोल शिक्का लागायचा आहे म्हणे.